रोजची एक बाजू : जॅझ आणि शास्त्रीय रेकॉर्ड ऐकून ते ऐकणं इतरांपर्यंत पोचवायचं कसं

घरात शंभर-दोनशे रेकॉर्ड आहेत. काही वडिलांच्या, काही मामांच्या संग्रहातून आलेल्या, काही मुंबईच्या चोरबाजारातून आणलेल्या. त्यात जॅझ आहे, हिंदुस्थानी आहे, थोडं पाश्चात्त्य शास्त्रीयही आहे. आणि हे रोजचं ऐकणं वाडीतल्या, तालुक्यातल्या, मुंबई-पुण्याला गेलेल्या माणसांबरोबर वाटून घ्यायचं मनात आहे. अशा नवख्यांसाठी हा लेख.

बहुतेकांची सुरुवात कव्हरच्या फोटोने होते. फोटो व्हॉट्सॲपवर जातो, खाली ‘आज हे ऐकलं’, चार अंगठे येतात आणि विषय तिथेच संपतो. असा निरोप वाचून कुणी काही ऐकत नाही. मालवणातून पाठवलेला निरोप गुहागरच्या माणसाने वाचला, तेच ध्वनिमुद्रण लावलं आणि नेमका कुठे कान द्यायचा हे त्याला कळलं, तर ऐकणं पोचलं म्हणायचं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : रेकॉर्ड नीट वाजली पाहिजे, काय ऐकलं त्याची ओळख बिनचूक पाहिजे, आणि सांगायचा मुद्दा एकच पाहिजे.

माप : एक बाजू

एलपीची, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस मिनिटांची, क्वचित पंचविशीपर्यंत जाते. रोजच्या ऐकण्याला हेच माप धरा. पूर्ण रेकॉर्ड रोज जमत नाही, आणि एकच तुकडा ऐकून उठलं तर रेकॉर्ड काढणं, पुसणं, ठेवणं यातच जास्त वेळ जातो. शिवाय बाजू ही वाजवणाऱ्यांनी आणि कंपनीने विचार करून बांधलेली असते. ख्यालाच्या एलपीत बहुधा एका बाजूला एक राग पुरा मांडलेला असतो, विलंबित आणि द्रुत धरून.

रोज उठून ‘आज काय लावू’ असं शोधत बसू नका. रविवारी सात रेकॉर्डांचा गठ्ठा बाहेर काढून ठेवा, बाकी कपाट बंद. पावसाळ्यात याचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे येईल.

गठ्ठ्याला एखादा धागा असला की ऐकणाऱ्यांना ओढ लागते. कोलंबिया कंपनीचा न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावरचा स्टुडिओ हे एक चांगलं उदाहरण. मूळचं चर्च, 1949 पासून 1981 पर्यंत स्टुडिओ म्हणून वापरात. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (1959), डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ (1959) आणि ग्लेन गूल्डने पियानोवर वाजवलेल्या बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ (1955 आणि पुन्हा 1981) ही सगळी मुद्रणं याच खोलीतली. जॅझवाला आणि बाखवाला दोघेही आठवडाभर एकाच छताखाली ऐकतात. असाच एक आठवडा तेरेखोलच्या पलीकडचा, म्हणजे गोव्याचा करता येतो : केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्यांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक किती होते हे पाहिलं, तर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटपासून त्याच आठवड्याला जॅझचं टोकही जोडता येईल.

हिंदुस्थानी रेकॉर्ड गठ्ठ्यात घेताना वेळ पाळा. सकाळी भैरव, तोडी. दुपारी सारंग, भीमपलास. तिन्हीसांजेला मारवा, पूरिया, यमन. रात्री बागेश्री, मालकंस. निरोपही त्याच वेळी जायला हवा. रात्री नऊला आलेला तोडी लोक ‘उद्या ऐकू’ म्हणून बाजूला ठेवतात आणि तो राहूनच जातो. मल्हाराचे प्रकार जून ते सप्टेंबरसाठी राखून ठेवा. कोकणात त्यांना वेगळी प्रस्तावना लागत नाही.

वाजवण्याआधी

रेकॉर्ड कडांनी आणि मधल्या लेबलवर धरायची, खाचांना बोट लावायचं नाही. टर्नटेबल फिरत असताना कार्बन फायबरचा ब्रश दोन-तीन फेरे अलगद टेकवा आणि बाहेरच्या बाजूला उचलून घ्या. दाबू नका, ब्रश फक्त वरची धूळ आणि स्थिर वीज काढतो.

जुन्या किंवा विकत आणलेल्या रेकॉर्डला एकदा ओली सफाई लागते. 800 मिली डिस्टिल्ड वॉटर आणि 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण करा. डिस्टिल्ड वॉटर गाडीच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं. मात्र त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं, म्हणून लेबल वाचून घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात आणि कायमची चरचर देतात. एका बाजूला पाच-सात मिली मिश्रण पुरतं. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही. लेबल भिजलं तर रंग फुटतो, म्हणून लेबलापासून बोटभर अंतर ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने एकदा पुसून रेकॉर्ड उभी वाळत ठेवा. हिवाळ्यात अर्धा तास पुरतो, जुलैत पंख्याखाली दोन-तीन तास लागतात. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे हे काम गॅस आणि समईपासून लांब करा.

78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डना हे मिश्रण अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, एका पुसण्यात खाच खराब होते. जड, ठिसूळ आणि लेबलवर 78 लिहिलेली रेकॉर्ड असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. त्यांना सुईही वेगळी लागते : एलपीची सुई साधारण 0.7 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78ची 3 मिलच्या आसपास. एलपीची सुई 78च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते, म्हणून आवाज खरखरीत येतो आणि सुईही झिजते.

आता वेग. आपल्या गरम, दमट हवेत रबरी बेल्ट सैल होतो आणि रेकॉर्ड हळू फिरते. हे तपासायला उपकरण लागत नाही. कागदाचा लहानसा झेंडा प्लॅटरच्या (फिरत्या थाळीच्या) कडेला चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई टेकवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. 33⅓च्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर 100 फेरे व्हायला हवेत. 98 झाले तर वेग दोन टक्के कमी. सहा टक्के फरक पडला की सगळं एक घर उतरतं : काळी चारमध्ये गाणारा माणूस पांढरी पाचमध्ये ऐकू येतो. दोन टक्के फरक नुसत्या कानाला कळणार नाही, पण संवादिनी घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याचा सूर जुळणार नाही आणि तो दोष स्वतःच्या कानाला देईल.

बेल्ट बदलूनही वेग खूप कमी, म्हणजे मिनिटाला 28 फेऱ्यांच्या आसपास येत असेल, तर टर्नटेबल अमेरिकेहून आलेलं आहे का पाहा. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झप्रमाणे फिरते, त्यामुळे अशा यंत्राची पुली बदलावी लागते.

एक अपवाद लक्षात ठेवा. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या 1992 पूर्वीच्या आवृत्त्यांत पहिल्या बाजूचे तीनही तुकडे मूळ वाजवण्यापेक्षा किंचित चढ्या सुरात आहेत, कारण मुद्रणाच्या दिवशी एक टेप-यंत्र हळू चालत होतं. तुमच्याकडे जुनी प्रत असेल आणि सूर चढा लागला तर टर्नटेबल उघडायला जाऊ नका. हे निरोपात मात्र जरूर लिहा, दुसरा माणूस नवी आवृत्ती ऐकत असेल तर त्याला फरक समजेल.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) कागदावर दिलेला असतो तोच ठेवा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम95ईला 2 ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या 2एम रेडला 1.8 ग्रॅम. ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून दाब कमी करण्याची सवय उलटी पडते. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उसळते, आणि उसळताना खाचेच्या भिंती ठेचते. दाब मोजायचा छोटा डिजिटल काटा घेऊन ठेवा.

वही

निरोप लिहिण्याआधी वहीत नोंद करा. फोनमध्ये केली तरी चालेल, पण टर्नटेबलशेजारी ठेवलेली वही जास्त टिकते. प्रत्येक बाजूला एक ओळ : तारीख, वेळ, कलाकार, शीर्षक किंवा राग, कंपनी आणि क्रमांक, बाजू, मिनिटं, आणि शेवटी ‘आढळलं ते’.

क्रमांक कव्हरवरून घेऊ नका, रेकॉर्डच्या लेबलवरून घ्या. जुन्या संग्रहात कव्हरं आणि रेकॉर्ड यांची अदलाबदल फार झालेली असते. संगीत संपल्यावर लेबलभोवती जो मोकळा पट्टा असतो त्यातही अक्षरं कोरलेली असतात, तीही उतरवा. एचएमव्हीच्या भारतीय शास्त्रीय एलपींत ‘ईएएलपी’ने सुरू होणारा क्रमांक मोनो असतो, ‘ईएएसडी’चा स्टीरिओ. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डांत त्या पट्ट्यात ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ दिसलं, तर मास्टर, म्हणजे जिच्यावरून प्रती छापतात ती मूळ तबकडी, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी कापलेली आहे.

पाश्चात्त्य शास्त्रीयात क्रमांकाशिवाय निरोपाला अर्थच राहत नाही. संचालक करायान यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर बीथोव्हेनच्या नऊही सिंफनी तीन वेगवेगळ्या दशकांत मुद्रित केल्या. नुसतं ‘करायान, पाचवी’ लिहिलं तर वाचणारा भलतीच लावेल. गूल्डच्या दोन ‘गोल्डबर्ग’ तर ओळखू न येण्याइतक्या वेगळ्या आहेत. 1955ची सुमारे 38 मिनिटांत संपते, 1981ची पन्नाशी ओलांडते. एकाने एक ऐकून लिहिलं आणि दुसऱ्याने दुसरी लावली, तर दोघांची चर्चा जुळणं शक्य नाही.

जुन्या हिंदुस्थानी रेकॉर्डवर तबला-सारंगीच्या साथीदारांची नावं अनेकदा नसतात. नसेल तर ‘साथीचं नाव दिलेलं नाही’ असंच लिहा. अंदाजाने घातलेलं नाव दोन वेळा फॉरवर्ड झालं की ते खरं मानलं जातं.

या वहीचा दुसरा उपयोग सुईसाठी. साध्या लंबवर्तुळाकार सुईचं आयुष्य 300 ते 500 तास धरतात. तीन बाजू म्हणजे एक तास. रोज दोन बाजू वाजवल्या तर वर्षाला सुमारे 240 तास होतात, म्हणजे दीड-दोन वर्षांत सुई बदलायची वेळ येते. झिजलेल्या सुईचा पहिला पुरावा बाजूच्या शेवटच्या, आतल्या तुकड्यात मिळतो : ‘स’, ‘श’ फुटायला लागतात, ट्रम्पेट चिरकतं. वहीत मिनिटं असतील तर रेकॉर्डला दोष देण्याआधी तास मोजून पाहता येतात.

निरोप

चार-पाच ओळी पुरे. ओळख, मग एकच ऐकण्याची जागा, मग हवं तर आपलं मत. एक नमुना असा :

‘सकाळ. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट, “टाइम आउट”, कोलंबिया, 1959, पहिली बाजू, साडेएकोणीस मिनिटं. पहिला तुकडा नऊ मात्रांचा आहे, पण 3-3-3 असा मोजू नका. 2-2-2-3 असा मोजा, शेवटच्या तीनवर वजन येतं. ही चाल ब्रुबेकने 1958च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकली. त्याच दौऱ्यात तो भारतातही आला होता. बाजूचा शेवटचा तुकडा “टेक फाइव्ह”, पॉल डेस्मंडची रचना, पाच मात्रा 3-2. ड्रमचा सोलो चालू असताना पियानो ते 3-2 धरूनच ठेवतो, तबल्याच्या सोलोला लेहरा असतो तसा. तो पियानो सोडू नका, म्हणजे ड्रममध्ये हरवायला होणार नाही.’

भजनात, दशावतारात, तबल्याच्या क्लासात मात्रा मोजलेल्या माणसाला हा निरोप लगेच हातात येतो. जॅझ म्हणजे काय याचं व्याख्यान द्यावं लागत नाही. आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना ताल हा जॅझमध्ये शिरायचा सगळ्यात जवळचा दरवाजा आहे, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यात तालाच्या जागाच निवडा. सुरावटीच्या आणि कॉर्डच्या गोष्टी नंतर.

ख्यालाच्या बाजूसाठी ऐकण्याची जागा मिनिटात सांगा : ‘चौथ्या मिनिटाला तार षड्ज पहिल्यांदा लागतो, तोवर किती वेळ थोपवून धरलाय ते ऐका.’ 78ची रेकॉर्ड असेल तर उलट सांगा, साडेतीन मिनिटांत गायकाने काय गाळलं नाही ते. व्हॉयेजर अंतराळयानांवर 1977मध्ये पाठवलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, तीही साडेतीनच मिनिटांची. ती ऐकवून या वेळेच्या मर्यादेची गोष्ट काढता येते.

फोटो खिडकीच्या उजेडात, जरा तिरका घ्या. फ्लॅश चकचकीत कव्हरवर पांढरा डाग पाडतो. कव्हरच्या पुढच्या फोटोपेक्षा मागच्या मजकुराचा फोटो ऐकणाऱ्याच्या जास्त कामाचा.

दुवा, क्लिप आणि कायदा

समोरच्याकडे रेकॉर्ड नसतेच. त्याला अधिकृत स्ट्रीमिंगवरचा दुवा द्या, पण आधी स्वतः ताडून पाहा : तेच वर्ष, तेच कलाकार, तेवढीच मिनिटं. एकाच रागाची एकाच गायकाची चार मुद्रणं असतात, आणि शोधात वर येणारं तुमच्या रेकॉर्डवरचं असेलच असं नाही. मिनिटं जुळत नसतील तर ‘हे वेगळं मुद्रण आहे’ असं लिहून द्या.

फोनने स्पीकरसमोर धरून केलेली क्लिप पाठवू नका. फोन आवाजाची पातळी आपोआप खालीवर करतो. ख्यालातला हळू आलाप आणि जोरकस तान एकाच उंचीवर येतात, आणि नेमकं ऐकवायचं तेच नाहीसं होतं. त्यापेक्षा तुमच्या आवाजातली अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट बरी.

पूर्ण बाजू रेकॉर्डवरून उतरवून ग्रुपवर टाकणं हा वेगळा विषय आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1964मध्ये निघालेल्या रेकॉर्डच्या मुद्रणावरचा हक्क 2024 अखेर संपला. पण त्यातल्या रचनेचा आणि शब्दांचा हक्क वेगळा असतो, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. दोन्ही सुटल्याची खात्री नसेल तर फाइल पाठवू नका.

घरी चार माणसं बोलावून ऐकणं यात अडचण नाही. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या किंवा तशा संस्थेच्या उपक्रमात रेकॉर्ड ऐकवायला 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये सूट आहे. वाचनालयाच्या मंडळाने महिन्याला एक बैठक ठरवली तर हा आधार उपयोगी पडतो. होम-स्टे, रिसॉर्ट, खानावळ यांना ती सूट लागू होत नाही. पाहुण्यांना जेवताना रेकॉर्ड ऐकवायच्या असतील तर परवाना घ्यावा लागतो.

पावसाळा

किनाऱ्यावर रेकॉर्डचा खरा शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. प्लॅस्टिकच्या तबकडीपेक्षा कागदी कव्हर आणि आतलं पाकीट आधी सर्दावतात आणि तिथून बुरशी खाचेत उतरते. बारीक पांढरी, नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसली, किंवा एका बाजूनंतर सुईवर करडा पिंजर जमला, तर तीच समजा.

म्हणून रविवारचा सात रेकॉर्डांचा गठ्ठा बाहेर आणि बाकी संग्रह हवाबंद पेट्यांत. चाळीस-पन्नास एलपी उभ्या मावतील अशा पेटीला अर्धा किलो सिलिका जेल घाला आणि आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा. पेट्या भरायचा काळ जानेवारी-फेब्रुवारी, दुपारची वेळ. मे महिना उन्हाचा असला तरी किनाऱ्यावर कोरडा नसतो; मेमध्ये भरलेल्या पेटीत कव्हरांतली ओल आतच कोंडली जाते. भरल्यावर दोन-तीन दिवसांनी जेल एकदा बदला, कारण पहिलं जेल कव्हरांतली ओल ओढण्यातच संपतं. आत 50 टक्क्यांच्या आसपास आकडा आला की उत्तम, 60 च्या खाली राहिला तरी चालेल. निळं जेल गुलाबी झालं की 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. त्यात कोबाल्ट असतं, त्यामुळे स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. उघड्या फळीवर जेलच्या पुड्या ठेवून काहीच होत नाही, त्या थोड्याच वेळात बाहेरच्या हवेतल्या ओलीने भरून जातात.

चिऱ्याच्या भिंतीला टेकवून काही ठेवू नका. भिंतीपासून वीतभर, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीतून ओल येते आणि वाळवीही तिथूनच येते. माळ्यावर तर नकोच : कौलांखाली एप्रिलमध्ये रेकॉर्ड वाकतात. शंभर एलपींचं वजन पंचवीस किलोपर्यंत जातं, फळी त्या हिशेबाने घ्या. आतली जुनी कागदी पाकिटं टाकून पॉलिथिनची घ्या. जाड पारदर्शक पीव्हीसीची कव्हरं उन्हाळ्यात तबकडीवर धुरकट थर सोडतात. डांबरगोळ्या पेटीत टाकू नका, तो वास कव्हरांतून जात नाही.

बुरशी आलेली रेकॉर्ड मास्क लावून, घराबाहेर पडवीत किंवा अंगणात साफ करा. आधी कोरडा ब्रश, मग वर सांगितलेली ओली सफाई. जुनं पाकीट फेकून द्या. कव्हर सावलीत वाऱ्यावर वाळवा, उन्हात रंग उडतो.

खाऱ्या वाऱ्याने तारांची टोकं काळवंडतात. एका स्पीकरचा आवाज गेला तर आधी ॲम्पच्या मागच्या टर्नटेबलच्या दोन पिना डाव्या-उजव्या अदलून पाहा. गेलेला आवाज दुसऱ्या स्पीकरकडे सरकला तर दोष टर्नटेबलकडे, न सरकला तर ॲम्प किंवा स्पीकरकडे. टर्नटेबलकडे असेल तर बहुतेक वेळा कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक क्लिपांपैकी एक गंजलेली असते. चिमट्याने एकेक काढा, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, त्याच जागी परत घाला. चार रंग कुठे होते त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

ढग गडगडायला लागले की प्लग ओढून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लाइट गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर टर्नटेबल चालवू नका. त्याची चौकोनी लहर मोटरला गुरगुरायला लावते आणि ते गुरगुरणं स्पीकरमधून ऐकू येतं.

बैठक

महिन्यातून एकदा, सहा-आठ माणसं, तीन बाजू, सव्वा तास. तिसऱ्या बाजूनंतर लोक दमतात, ‘आणखी एक’ म्हटलं तरी थांबा.

दोन स्पीकर एकमेकांपासून दोन मीटर, ऐकणारे समोर दोन-अडीच मीटरवर, अर्धवर्तुळात. टर्नटेबल स्पीकरच्या फळीवर ठेवू नका. स्पीकरचा कंप फळीतून सुईला मिळतो, सुई तोच पुन्हा स्पीकरला देते, आणि आवाज वाढवला की घुमणं सुरू होतं. जुन्या घराच्या माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर माणूस चालला तरी सुई उडते. अशा ठिकाणी टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर किंवा खालच्या मजल्यावर, दगडी कट्ट्यावर कडप्प्याचा तुकडा ठेवून त्यावर मांडा. पत्र्याच्या छपराखाली जुलैत बैठक ठरवू नका. मुसळधार पावसात एकल सतार किंवा बाखचा पियानो ऐकूच येत नाही. ठरवलीच असेल तर मोठा वाद्यवृंद किंवा ड्रम असलेलं जॅझ हाताशी ठेवा.

बाजू सुरू होण्याआधी एक मिनिट बोला, निरोपात लिहिता तसंच, एकच जागा सांगून. वाजत असताना बोलू नका. संपल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : काय ऐकू आलं? ‘छान होतं’ याच्या पुढे जायला नवख्याला हा प्रश्न पुरतो. रेकॉर्ड हाताळणारा माणूस एकच असावा, आणि चहा-भजी बैठकीनंतर.

उसनी देणं

ज्याच्याकडे चांगलं टर्नटेबल आहे आणि जो सुईचा दाब मोजतो, त्यालाच रेकॉर्ड उसनी द्या. स्वस्त सूटकेस-प्लेअरवर दाब पाच ग्रॅमपर्यंत असू शकतो, आणि एकदा छिललेली खाच परत येत नाही. अशा मित्राला तुमच्याकडे ऐकायला बोलवा.

देताना दोघांनी मिळून उजेडात दोन्ही बाजू पाहा आणि ओरखडे वहीत लिहा. नेताना रेकॉर्ड उभी. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली पंधरा मिनिटंही ठेवू नका, तिथे तबकडी मऊ होऊन कशीही वळते. एसटीत वरच्या फळीवर आडवी टाकू नका, मांडीवर घ्या. परत आल्यावर ती लगेच पेटीत न घालता आठवडाभर बाहेरच्या गठ्ठ्यात ठेवा. आतलं पाकीट ओलसर लागलं किंवा पांढरे ठिपके दिसले तर आधी साफ करा, मगच बाकीच्यांत मिसळा. घेणाऱ्यालाही त्याने ऐकलेल्या बाजूवर चार ओळी लिहून द्यायला सांगा आणि त्या तुमच्या वहीत त्याच रेकॉर्डच्या नोंदीखाली उतरवून घ्या.